पाण्यातून गेलं, पण गेलं कुठे? एका खाडीतल्या तेलगळतीच्या मॉडेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

धक्क्याला लागताना एका मालवाहू जहाजाची इंधनाची टाकी चिरली आणि जाडसर इंधन तेल खाडीत सांडलं. खाडीचं मुख अरुंद, आतला भाग उथळ. एका बाजूला धक्के. दुसऱ्या बाजूला कांदळवन आणि त्याच्यापुढे ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा. वरच्या टोकाला एक लहान नदी येऊन मिळते, तिच्याबरोबर गाळ येतो आणि वस्तीचं सांडपाणीही. जागेची ओळख पटू नये म्हणून तपशील मोघम ठेवले आहेत आणि आकडे ठोकळमानाने दिले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र जसा घडला तसाच आहे.

तरंगणारं तेल अडवून उचलण्याचं काम पहिल्या तीन दिवसांत बऱ्यापैकी झालं. मागे राहिला तो पातळ तवंग, पाण्यात मिसळलेले थेंब आणि चिखलाच्या कडेला चिकटलेला काळा थर. बंदर प्रशासनाने आमच्या गटाला एकच प्रश्न विचारला: पाणी पूर्ववत व्हायला किती दिवस लागतील? मासेमारीवरची बंदी केव्हा उठवायची हे त्या उत्तरावर ठरणार होतं. म्हणजे आम्ही दिवस जास्त सांगितले तर होड्या विनाकारण किनाऱ्याला बांधलेल्या राहणार, कमी सांगितले तर दूषित मासळी लोकांच्या पोटात जाणार.

आम्ही तिघे होतो. प्रवाहांचं मॉडेल चालवणारा एक सहकारी, तेलाची रासायनिक तपासणी करणाऱ्या मॅडम, आणि विघटनाची समीकरणं मांडणारा मी.

तेलाचं समुद्रात काय होतं

सांडलेल्या तेलावर एकाच वेळी बऱ्याच क्रिया चालू असतात. हलके घटक उडून जातात. थोडा भाग विरघळतो. लाटा तेलाचे थेंब करतात, किंवा उलट तेलातच पाणी घुसळून त्याचा घट्ट लगदा बनवतात. ऊन काही घटकांचं ऑक्सिडीकरण करतं. गाळाच्या कणांना चिकटलेलं तेल तळाशी बसतं. भरती-ओहोटी काही भाग मुखाबाहेर नेते. आणि जीवाणू ते खातात. अल्कॅनिव्होरॅक्स नावाचे समुद्री जीवाणू सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनवर वाढतात, सायक्लोक्लास्टिकस वलयांच्या घटकांवर. सरळ साखळ्या आधी संपतात, मग फांद्या असलेल्या, मग दोन-तीन वलयांचे घटक. मोठी वलयं आणि डांबरासारखा भाग फार मागे राहतो.

यातली जीवाणूंची क्रिया आणि ऊन काय करतं तेवढं सोडलं, तर बाकी सगळ्यात तेल फक्त जागा बदलतं. हे आम्हा तिघांनाही पाठ होतं. तरी पुढे जे झालं ते झालं.

पहिला निर्णय: एकच वेगस्थिरांक

चौथ्या दिवशी उत्तर हवं होतं. हाताशी दोन गोष्टी होत्या. एक, खाडीच्या प्रवाहांचं आधीच बनवलेलं मॉडेल. दोन, अशाच तेलावर शिशीत केलेल्या प्रयोगातून आलेला विघटनाचा वेगस्थिरांक, दिवसाला ०.१. साधं प्रथम कोटीचं समीकरण: जेवढं तेल शिल्लक, त्याच्या प्रमाणात रोज घट. ०.१ म्हणजे अर्धायुष्य, तेल निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे सात दिवस.

दुसरा पर्याय होता मोनो पद्धतीचं समीकरण. जाक मोनो यांनी १९४० च्या दशकात जीवाणूंच्या वाढीसाठी मांडलेलं हे सूत्र अन्न कमी पडलं की वेग मंदावतो हे धरून चालतं, आणि त्यात नायट्रोजन, फॉस्फरस, प्राणवायू यांच्या मर्यादाही गुणाकाराने घालता येतात. पण त्यासाठी जीवाणूंची संख्या, पोषकद्रव्यांची मोजमापं, अर्धसंपृक्ततेचे (वेग निम्म्यावर येतो त्या प्रमाणाचे) आकडे असं बरंच काही लागतं. आमच्याकडे चौथ्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. तिसरा पर्याय, 'अजून सांगता येत नाही' असं लेखी देणं, चर्चेत आला आणि दोन मिनिटांत मागे पडला. आज वाटतं, त्याला निदान अर्धा तास द्यायला हवा होता.

आम्ही साधं समीकरण घेतलं आणि कळवलं: सुमारे तीन आठवड्यांत पाण्यातलं तेल सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्याखाली येईल.

जुळलेला आलेख

दहाव्या दिवसापर्यंत पाण्याचे नमुने रोज येत होते. एकूण हायड्रोकार्बनचं प्रमाण सत्तर टक्क्यांनी घटलं होतं, म्हणजे दिवसाला ०.१२. आमच्या मॉडेलमध्ये विघटनाचे ०.१ आणि मुखातून बाहेर जाण्याचे ०.०२ मिळून नेमके ०.१२ होत होते. मोजलेले ठिपके आमच्या रेषेवर मण्यांसारखे ओवल्यागत बसले. त्या संध्याकाळी सहकाऱ्याने आलेख प्रशासनाला पाठवला आणि आम्ही निर्धास्त झालो.

नेमकी तीच वेळ शंका घेण्याची होती. शिशीतल्या प्रयोगात पाण्याला नायट्रेट आणि फॉस्फेट घातलेलं, तेलाला सरावलेले जीवाणू मुद्दाम सोडलेले, शिशी दिवसरात्र हलवलेली, तेलाचे थेंब बारीक. खाडीत यातलं एकही नव्हतं. नुसत्या थेंबाच्या आकाराचाच विचार करा. थेंबाचा व्यास दहापट झाला की तेवढ्याच तेलाचा एकूण पृष्ठभाग एक दशांश होतो, आणि जीवाणूंना बसायला जागा म्हणजे तो पृष्ठभागच. मग खाडीत वेग शिशीइतकाच कसा निघाला, हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही विचारला नाही. आलेख जुळला होता ना.

अडचण

गळती उधाणाच्या दिवसांत झाली होती. मधले भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस सरून सोळाव्या दिवशी पुन्हा उधाण आलं आणि त्यात समुद्राकडून जोराचा वारा सुटला. चिखलाच्या पट्ट्यावरचं पाणी गढूळ झालं. दुपारी तिथून फोन आला की तवंग पुन्हा दिसतोय. नमुना तपासला तर त्या भागातलं प्रमाण सातव्या-आठव्या दिवसाइतकं वर गेलेलं.

पहिला अंदाज असा की कुठूनतरी नवं तेल आलं. तो सोयीचा होता, कारण त्यात आमचं मॉडेल शाबूत राहत होतं. मॅडमनी तो दुसऱ्याच दिवशी खोडला. गाळातल्या तेलाचा रासायनिक ठसा जहाजाच्या टाकीतून घेतलेल्या तेलाशी जुळत होता.

त्यांनी मला पडद्यासमोर बसवलं. वायू वर्णलेखाच्या (तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीच्या) आलेखात सरळ साखळ्यांची शिखरं कंगव्याच्या दातांसारखी समान अंतराने उभी राहतात. तेल खाल्लं गेलं की हे दात झिजत जातात आणि खाली न सुटणाऱ्या मिश्रणाची उंचवट्यासारखी पाठ तेवढी उरते. सतरा कार्बनच्या साखळीच्या अगदी शेजारी प्रिस्टेनचं शिखर असतं. प्रिस्टेनला फांद्या असल्याने जीवाणू त्याला उशिरा हात लावतात. त्यामुळे या जोडीत सतरावालं शिखर बुटकं झालं की विघटन सुरू आहे असं समजायचं. पडद्यावर दोन्ही शिखरं जवळजवळ टाकीतल्या तेलाइतकीच उंच होती.

"हे खाल्लं गेलेलं नाही," मॅडम म्हणाल्या, "हे गाळात जाऊन बसलं होतं."

होपेनचा हिशेब

प्रिस्टेनवर विसंबून पूर्ण हिशेब करता येत नाही, कारण उशिरा का होईना, तेही खाल्लं जातं. त्यासाठी होपेन वापरतात. प्राचीन जीवाणूंच्या पेशीपटलातून तेलात आलेला हा पाच वलयांचा रेणू आहे. महिन्यांच्या हिशेबात तो जवळजवळ अभंग राहतो. तेल पातळ झालं, वाहून गेलं, गाळात बसलं, तर होपेनही त्याच प्रमाणात कमी होतं. पण तेल खाल्लं गेलं तर बाकीचे घटक कमी होतात आणि होपेन तसंच राहतं. म्हणून एकूण हायड्रोकार्बन भागिले होपेन हे गुणोत्तर फक्त खरी घट दाखवतं. बाष्पीभवनाचा परिणाम मध्ये येऊ नये म्हणून आम्ही पंधरा कार्बनच्या पुढचेच घटक मोजले. (डिझेलसारख्या हलक्या इंधनात होपेन जवळपास नसतंच, तिथे ही युक्ती चालत नाही. आमचं तेल जाडसर होतं हे नशीब.)

दहाव्या दिवसाचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले. टाकीतल्या तेलाचं गुणोत्तर १०० धरलं तर दहाव्या दिवशी ते ८२ होतं. म्हणजे दहा दिवसांत विघटन अठरा टक्के, वेगस्थिरांक दिवसाला ०.०२. आम्ही धरलेल्याच्या एक पंचमांश. अर्धायुष्य सात दिवसांचं नाही, पस्तीस दिवसांचं.

मग उरलेले ०.१० कुठून आले? सहकाऱ्याने प्रवाहांचं मॉडेल उघडलं तेव्हा कळलं की ते भांगाच्या दिवसांत मोजलेल्या प्रवाहांवर बसवलेलं होतं. गळती उधाणात झाली, तेव्हा मुखातून जाणारं पाणी कितीतरी जास्त होतं. नव्या हिशेबात सुमारे ०.०६ बाहेर जाण्याचे आणि ०.०४ गाळाबरोबर खाली बसण्याचे निघाले. गाळाची क्रिया तर आमच्या मॉडेलमध्ये मुळात नव्हतीच. जे जे आम्ही मांडलं नव्हतं त्या सगळ्याचं गाठोडं वेगस्थिरांकाच्या डोक्यावर ठेवलं गेलं होतं, आणि बेरीज बरोबर आल्यामुळे त्यातला प्रत्येक आकडा चुकीचा आहे हे दिसलंच नाही.

दुसरा निर्णय: अंदाज मागे घेणं

अठराव्या दिवशी आम्ही प्रशासनाला लेखी कळवलं की आधीचा अंदाज मागे घेत आहोत. वाद झाला. आकडा गुपचूप सुधारून पुढचा अहवाल द्यावा, असं एक मत आमच्याच गटात होतं. पण बंदी उठवायला तीन दिवस उरले होते, आणि चिखलाच्या पट्ट्यावरून शिंपले गोळा करणाऱ्या बायका तारखेची वाट पाहत होत्या. गुपचूप सुधारण्यासारखं ते राहिलं नव्हतं. कारण सांगताना 'मॉडेलमध्ये सुधारणा' असा शब्द न वापरता, आम्ही गाळ धरला नव्हता, असं सरळ लिहिलं. प्रशासनाकडून पहिला प्रतिसाद नाराजीचा आला, पण दुसऱ्याच दिवशी चिखलाचे नमुने घ्यायला होडीही मिळाली.

पुढचे पर्याय

मॉडेलपुरते तीन मार्ग होते.

पहिला, वेगस्थिरांक ०.१ वरून खाली आणून जुन्याच समीकरणात बसवणं. एका दिवसाचं काम. पण त्याने सोळाव्या दिवसाची वाढ कधीच दिसली नसती, कारण प्रथम कोटीची रेषा खालीच जाते, वर येत नाही.

दुसरा, तयार असलेलं मोठं तेलगळतीचं सॉफ्टवेअर आणणं. वाऱ्याच्या सुमारे तीन टक्के वेगाने तवंग कसा सरकेल, बाष्पीभवन किती, लगदा किती घट्ट, हे अशी सॉफ्टवेअरं चांगलं सांगतात. आमचा प्रश्न मात्र आता तवंगाचा राहिला नव्हता.

तिसरा, दोन कप्पे: वर पाणी, खाली गाळाचा पातळ थर. पाण्यातून गाळात बसण्याचा वेग, लाटांनी पुन्हा वर उचलला जाण्याचा वेग, आणि दोन्हीकडे विघटनाचे वेगवेगळे वेग. हा आम्ही निवडला. उचलला जाण्याचा वेग तळावरच्या प्रवाहाच्या ओढीशी जोडला, म्हणजे उधाणात आणि वाऱ्यात तो आपोआप वाढतो.

गाळातल्या विघटनाचा वेग ठरवताना प्राणवायूपाशी अडलो. एक मिलिग्रॅम हायड्रोकार्बन पूर्ण जाळायला सुमारे साडेतीन मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे लिटरमागे दोन मिलिग्रॅम तेल पूर्ण खायचं तर त्या लिटरभर पाण्यातला सगळा प्राणवायू संपेल. उघड्या पाण्यात हवेतून भरपाई होत राहते. नदीच्या प्रदूषणासाठी स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये ओहायो नदीवरच्या कामातून मांडलेला खर्च आणि भरपाईचा हिशेब इथेही तसाच लागू पडतो. पण मऊ चिखलात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचतो. त्याखाली सल्फेट वापरणारे जीवाणू काम करतात, पण फार सावकाश.

खत घालायचं का?

याच सुमारास सफाई करणाऱ्या कंत्राटदाराकडून प्रस्ताव आला की चिखलावर नायट्रोजन-फॉस्फरसचं खत फवारावं, जीवाणू वाढतील. प्रस्ताव बिनबुडाचा नव्हता. तेलात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन-फॉस्फरस नगण्य. समुद्री सूक्ष्मजीवांच्या शरीरात मात्र १०६ कार्बन अणूंमागे १६ नायट्रोजन आणि १ फॉस्फरस असं साधारण प्रमाण असतं. ही तूट भरली की वेग वाढतो. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डेझ जहाजाच्या गळतीनंतर गोट्यांच्या किनाऱ्यांवर खत वापरलं गेलं आणि त्याचा उपयोगही झाला.

पण त्या किनाऱ्यांवर गोट्यांच्या फटींतून पाणी आणि हवा खेळत होती, कमतरता होती ती पोषकद्रव्यांची. आमच्या खाडीत नदी आणि सांडपाण्यामुळे नायट्रेट आधीच पुरेसं होतं. आम्ही ते मोजलं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात कमी खर्चात सर्वात मोठा निर्णय त्या एका मोजणीने झाला. उणीव प्राणवायूची असताना खत घातलं असतं तर शेवाळ माजलं असतं, ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही गेला असता. आम्ही नको म्हणालो.

तेल पसरवणारी रसायनंही सुचवली गेली. उथळ, कोंडलेल्या पाण्यात तो विचार आम्ही लगेच बाजूला ठेवला. १९६७ मध्ये टोरी कॅनियन या तेलवाहू जहाजाच्या गळतीनंतर किनाऱ्यावर ओतलेल्या विषारी डिटर्जंटनी किनाऱ्याच्या जीवांचं तेलापेक्षा जास्त नुकसान केलं होतं. आजची रसायनं तितकी विषारी नाहीत, पण ती पातळ व्हायला खोल आणि वाहतं पाणी लागतं. ते इथे नव्हतं.

चिखल खरवडून काढण्यावर बराच वेळ गेला. शेवटी कांदळवनाच्या कडेचा दाट थर तेवढा हाताने उचलायचा आणि बाकी पट्ट्यावर माणसं-यंत्रं न्यायची नाहीत असं ठरलं. पायाखाली दाबलं गेलेलं तेल आणखी खोल, प्राणवायूपासून आणखी दूर जातं.

परिणाम

नव्या मॉडेलने एका प्रश्नाची दोन उत्तरं दिली. मोकळ्या पाण्यासाठी सुमारे सहा आठवडे, चिखलासाठी वर्षाहून अधिक. गाळात आम्ही दिवसाला ०.००२ धरलं होतं, म्हणजे अर्धायुष्य जवळपास वर्षभराचं.

त्यामुळे बंदीही दोन तुकड्यांत विभागली गेली. मासे यकृतातल्या विकरांच्या मदतीने वलयांच्या विषारी हायड्रोकार्बनचा बराच निचरा करू शकतात. शिंपल्यांना ते फारसं जमत नाही, शिवाय ते गाळमिश्रित पाणी गाळूनच जगतात. मासळीच्या नमुन्यांची तपासणी करून सातव्या आठवड्यात मोकळ्या पाण्यातली मासेमारी सुरू झाली. शिंपल्यांचा पट्टा बंद राहिला. ज्या बायकांचं पोट त्या पट्ट्यावर होतं त्यांना तेव्हा होडीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त सोसावं लागलं. आमच्या पहिल्या अंदाजाने त्यांना तीन आठवड्यांची आशा दाखवली होती, ही गोष्ट मला अजून बोचते.

वेगळं काय करता आलं असतं

टाकीतल्या तेलाचा नमुना आणि होपेनची मोजणी पहिल्याच दिवसापासून हवी होती. एकूण हायड्रोकार्बनचा आकडा स्वस्त आणि झटपट मिळतो, म्हणून सगळे तोच मागवतात. पण त्यातून तेल कमी झालं एवढंच कळतं, का कमी झालं ते नाही. उलट दिशेचीही एक गफलत यात आहे. उन्हाने आणि जीवाणूंनी अर्धवट बदललेले प्राणवायूयुक्त घटक नेहमीच्या तपासणीत नमुना स्वच्छ करतानाच निघून जातात. ते विषारी आहेत का, हा प्रश्न आम्ही शेवटपर्यंत तपासला नाही. तपासायला हवा होता.

दुसरं, चौथ्या दिवशी एक आकडा देण्याऐवजी पल्ला द्यायला हवा होता. वेगस्थिरांक ०.०१ धरला तर अर्धायुष्य एकोणसत्तर दिवस, ०.१ धरला तर सात. हे दोन्ही समोर ठेवले असते तर प्रशासनाने तीन आठवड्यांची तारीख जाहीर केलीच नसती.

तिसरं, मॉडेल जुळल्यावर ते मोडून पाहण्याचं काम गटातल्या एकाकडे सोपवायला हवं होतं. गाळ कुठे आहे, हा प्रश्न खाडीच्या नकाशाकडे बघूनही सुचला असता. १९६९ मध्ये अमेरिकेत वेस्ट फाल्मथजवळ बार्ज फुटून सांडलेल्या इंधन तेलाचे अवशेष तीस वर्षांनंतरही तिथल्या खाजणाच्या गाळात सापडले होते. ही माहिती आमच्यापासून लपलेली नव्हती.

सहा महिन्यांनंतरचा चिखल

सहा महिन्यांनी पट्ट्यातून चिखलाचे उभे गाभे काढले. नळीतून बाहेर सरकवलेला गाभा ताटलीवर आडवा ठेवला की वरचा सेंटीमीटरभर भाग तपकिरी दिसतो, त्याखाली राखाडी, आणि पाचेक सेंटीमीटरवर एक काळी रेघ. वरच्या थरात कंगव्याचे दात बहुतेक झिजलेले होते. काळ्या रेघेत ते जवळजवळ जसेच्या तसे.

एका गाभ्यात मात्र खेकड्याचं बीळ उभं चिरलं गेलं होतं. बिळाच्या भोवती बोटभर जाडीचा तपकिरी पट्टा थेट काळ्या रेघेच्याही खाली उतरला होता, कारण भरतीचं पाणी आणि प्राणवायू त्या वाटेने खोलवर जात होता. त्या पट्ट्यातलं तेल वरच्या थरासारखंच खाल्लं गेलेलं निघालं. आमच्या दोन कप्प्यांच्या मॉडेलमध्ये बिळांना जागा नाही. आता मॅडम प्रत्येक चौरस मीटरमधली बिळं मोजून नोंदवतात, आणि मी गाळाच्या कप्प्याच्या समीकरणात बिळांसाठी वेगळं पद घालतो आहे.